मधे मोठं भोक असलेली रेकॉर्ड

पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणारीने नाव न छापण्याची विनंती केली आहे. थोडं आटोपतं करून देते.

"माझी आई ६८ वर्षांची आहे. तिचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. माहेरी इंग्रजी पॉप गाण्यांच्या चाळीसेक छोट्या रेकॉर्डी होत्या. मामा बोटीवर नोकरीला होता, तो आणायचा. मामा आता नाही. पुढे चाळीतली खोली विकताना आजीने त्या सगळ्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आई हे नेहमी हसत हसत सांगते. मी ठरवलं, तिच्या सत्तरीपर्यंत त्या सगळ्या परत जमवायच्या. बोलता बोलता तिच्याकडून नावं काढून घेतली, वहीत यादी केली. कारपेंटर्स, क्लिफ रिचर्ड, ॲबा, बोनी एम, बीटल्स असं बरंच काही. चोर बाजार, इथला जुना बाजार, ऑनलाइन, जिथे मिळेल तिथे शोधलं. सोळा मिळाल्या. प्लेअरही घेतला. सत्तरीपर्यंत धीर धरवेना म्हणून या वाढदिवसालाच सगळं तिच्यासमोर ठेवलं. तिने एक रेकॉर्ड हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, 'आमच्या रेकॉर्डींना मधे मोठं भोक होतं गं.' दोन गाणी ऐकली, 'छान आहे' म्हणाली आणि कुकर लावायला उठली. त्यानंतर तिने प्लेअरला हात लावलेला नाही. बाबा म्हणतात, एवढे पैसे कशाला घातलेस, सगळं फोनवर मिळतं. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. माझं काय चुकलं? उरलेल्या रेकॉर्डी शोधू की थांबू?"

नमस्कार.

तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. आणि रागाबद्दल स्वतःला दोष देऊ नका. इतक्या मायेने केलेली गोष्ट कुणी 'छान आहे' म्हणून बाजूला ठेवली तर कुणालाही लागेल.

पण आईचं ते भोकाचं वाक्य तुम्ही नापसंती म्हणून ऐकलंत, तिथे मी तुम्हाला थांबवणार आहे. जुन्या रेकॉर्डी हा माझाही आवडीचा विषय, त्यामुळे असेल, पण मला तुमच्या अख्ख्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. अर्ध्या शतकापूर्वीच्या वस्तूची खूण तुमची आई बिनचूक सांगते आहे. गाण्याचं नाव नाही, गायकाचं नाव नाही, भोक. ज्याने रेकॉर्ड स्वतःच्या हाताने लावली आहे, त्यालाच ते आठवतं.

आता हे भोकाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची छोटी रेकॉर्ड अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ साली बाजारात आणली. आदल्याच वर्षी कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी रेकॉर्ड, आणली होती, तिला हे उत्तर होतं. आरसीएने या छोट्या रेकॉर्डीला मधे दीड इंचाचं भोक ठेवलं. सोबत जो प्लेअर काढला होता, त्याची मधली खुंटी जाडजूड होती आणि रेकॉर्ड बदलण्याची यंत्रणा त्या खुंटीच्या पोटातच बसवलेली होती. रेकॉर्डी एकावर एक रचून ठेवायच्या, एक वाजून संपली की वरची दुसरी आपोआप खाली यायची. पुढे ज्यूकबॉक्सवाल्यांनाही (नाणं टाकलं की हवं ते गाणं लावणारं यंत्र) मोठं भोक सोयीचं पडलं आणि अमेरिकेत तीच रीत कायम झाली. जपानमध्ये, जर्मनीत, इटलीतही बहुतेक सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या या छोट्या रेकॉर्डी, मोठ्या भोकाचेच निघायचे.

इंग्लंडने मधला मार्ग काढला. रेकॉर्डीच्या मध्याला तीन-चार बारीक दांड्यांनी धरलेला एक तुकडा, त्यात नेहमीचं छोटं भोक. ज्यूकबॉक्समध्ये घालायची असेल तर तो तुकडा मोडून काढायचा, घरी वाजवायची असेल तर तसाच ठेवायचा. आपली एचएमव्ही ही मुळात इंग्लंडच्या कंपनीचीच इथली शाखा. कलकत्त्याच्या डमडम कारखान्यातून निघालेल्या ज्या छोट्या रेकॉर्डी माझ्या हाताखालून गेल्या, त्या छोट्या भोकाच्याच. (या डमडमचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाकीच्या बहुतेक जगाने लाखेच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्डी सोडून दिल्या, तरी आपल्याकडे घरोघरी जुने चावीचे ग्रामोफोन होते. म्हणून बीटल्सची काही गाणी इथे ७८वर निघाली. आज त्यांच्यासाठी परदेशातले लोक वाटेल ती किंमत मोजतात. तुमच्या आजीच्या ढिगात एखादी नव्हती अशी आशा करू या.)

म्हणजे काय झालं बघा. तुम्ही चोर बाजारात आणि जुन्या बाजारात ज्या शोधल्यात, त्या बहुतेक इथल्या नाहीतर इंग्लंडच्या असणार. गाणी तीच, गायक तेच. पण आईच्या घरी जे होतं, ते मामाने परदेशी बंदरातून आणलेलं, मोठ्या भोकाचं. आणि आपल्याकडच्या प्लेअरची खुंटी तर बारीक. मग ती रेकॉर्ड वाजायची कशी? मधे चकती घालावी लागायची. दोन प्रकारच्या असत. एक प्लास्टिकची, बहुतेकदा पिवळी, तीन वाकड्या हातांची, जी भोकात अंगठ्याने दाबून टक्कन बसवायची. दुसरी गोल आणि जाड, धातूची किंवा प्लास्टिकची, जी आधी प्लेअरच्या खुंटीवर ठेवायची आणि तिच्यावर रेकॉर्ड. पिवळी चकती फार जोर लावून बसवली तर कडेला तडा जायची भीती. दुसरी हरवायची भीती. ज्या घरात अशी एकच चकती, त्या घरात ती सांभाळणारं माणूसही बहुधा एकच असायचं. तुमच्या घरी ते माणूस कोण होतं, हे विचारलंत का?

मला वाटतं, तुमची आई असावी. पण हे मी सांगण्यापेक्षा तिने सांगावं.

तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली नसावी. रेकॉर्डींबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत. मामाबद्दल दोन वाक्यं: बोटीवर होता, आणि आता नाही. तो कोणत्या कंपनीच्या बोटीवर होता, आईपेक्षा किती मोठा, किती महिन्यांनी घरी यायचा, काहीच नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. आई भंगारवाल्याची गोष्ट हसत हसत सांगते, असं तुम्ही लिहिता. आपल्याकडे बायका बऱ्याच गोष्टी हसत हसत सांगतात. रेकॉर्डी गेल्या हे हसत सांगता येतं. भाऊ गेला हे तसं सांगता येत नाही, म्हणून ते सांगितलंच जात नाही. तुम्ही सोळा रेकॉर्डी समोर मांडल्यात तेव्हा तिच्या मनात त्या आणणारा माणूस आला असेल, तर ती कुकर लावायला उठली यात मला तुटकपणा दिसत नाही. भरल्या घरात, सगळे बघत असताना, ती आणखी कुठे जाणार होती?

म्हणून माझा सल्ला असा. यादीतल्या उरलेल्या रेकॉर्डींचा शोध तूर्त थांबवा. यादी मात्र फेकू नका. ती वही दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे.

पॉपच्या सिंगलचं एक वैशिष्ट्य असतं. एलपी माणूस कधीही घेतो, दहा वर्षांनीही घेतो. सिंगल मात्र गाणं ताजं असताना विकला जायचा, काही महिने दुकानाच्या दर्शनी भागात राहायचा आणि मग नवा यायचा. बंदरावर एक-दोन दिवस उतरलेला खलाशी दुकानात शिरला तर त्याच्या हाती बहुतेक त्या मोसमाचं गाणंच लागणार. त्यामुळे तुमच्या यादीत प्रत्येक गाण्यासमोर ते निघालं ते वर्ष लिहा. रेकॉर्डीच्या लेबलवर वर्ष पुष्कळदा असतं, नसलं तर शोधणं अवघड नाही. 'ॲबा' यादीत आहे म्हणता. या स्वीडिश मंडळींनी एप्रिल १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली आणि मग जगभर त्यांचं नाव झालं. म्हणजे ती रेकॉर्ड घरात आली ती बहुधा त्यानंतर. 'बोनी एम'चा जोर १९७६ नंतरचा. क्लिफ रिचर्ड त्याही आधीपासून होता. आणखी एक सांगते, तो जन्मला आपल्या लखनौत, १९४० साली. अशी वर्षं मांडत गेलात की गाण्यांच्या यादीतून मामाच्या घरी येण्याच्या तारखा वर येऊ लागतील. या साली आला होता, तेव्हा हे आणलं. त्या साली आला नव्हता. आई त्या वेळी शाळेत होती, कॉलेजात होती, की तिचं लग्न ठरलं होतं?

पक्कं करायचं असेल तर मामाची सीडीसी कुणाकडे आहे का पाहा. खलाशांना सरकारकडून मिळणारी ती पुस्तिका. कोणत्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, याच्या नोंदी आणि शिक्के तिच्यात असतात. मामीकडे, मामेभावंडांकडे, कपाटाच्या वरच्या फळीवर पासपोर्टच्या शेजारी ती सापडण्याची शक्यता बरीच आहे. लोक अशा पुस्तिका टाकत नाहीत. सापडली तर तुमची यादी आणि ती पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून आईबरोबर बसा. एखादी दुपार त्यात कशी गेली हे कळणार नाही.

आता रेकॉर्डी नेमक्या कुठल्या होत्या, हे ओळखायला आईला दोन-तीन साधे प्रश्न विचारता येतील. परीक्षा घेतल्यासारखे एका दमात नकोत, सहज.

कव्हरवर फोटो होता का? अमेरिकेतले सिंगल बऱ्याचदा साध्या कागदी पिशवीत मिळायचे, कंपनीचं नाव छापलेलं आणि मधलं लेबल दिसावं म्हणून मधोमध गोल कापलेलं. जपानच्या सिंगलचा थाट वेगळाच. रंगीत फोटोचा चकचकीत कागद, त्यावर जपानी अक्षरं, आणि मागच्या बाजूला इंग्रजी गाण्याचे शब्द छापलेले, बरेचदा जपानी भाषांतरासह. आईला गाण्यांचे शब्द पाठ आहेत का? त्या काळी इंग्रजी गाणी बहुतेकांनी रेडिओ सिलोनवर कानाने जेवढी पकडता आली तेवढी पकडली, अर्धे शब्द चुकीचे. तुमच्या आईला कारपेंटर्सचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर शब्दांत येत असेल, तर तिच्यासमोर तो जपानी कागद असण्याचा संभव आहे. कारपेंटर्स ही बहीण-भावाची जोडी जपानमध्ये अतोनात लोकप्रिय होती, १९७४ साली टोकियोच्या बुडोकान सभागृहात त्यांचे कार्यक्रम झाले. कोबे किंवा योकोहामाला उतरलेल्या माणसाला त्यांची रेकॉर्ड दुकानात समोरच दिसली असणार. कव्हरच्या कोपऱ्यात किंमतही छापलेली असे, येनमध्ये. साठीच्या दशकाच्या अखेरीस चारशेच्या आसपास, सत्तरीच्या मध्यावर पाचशे. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मिळत, म्हणजे एक सिंगल डॉलरभराचा. भारतीय खलाशाच्या पगारात ही रक्कम किरकोळ नव्हती. ज्या काळात परदेशी वस्तू इथे सरळ दुकानात मिळत नव्हत्या, त्या काळात बहिणीला आवडतं म्हणून तो चाळीस वेळा हा खर्च करत होता.

आणि दुसरी बाजू विचारा. हे विसरू नका. सिंगलच्या मागच्या बाजूला एक गाणं असतं, ज्याच्यासाठी कुणी पैसे दिलेले नसतात. कारपेंटर्सच्या १९७३ सालच्या 'यस्टरडे वन्स मोअर'च्या मागे 'रोड ओड' नावाचं गाणं आहे. पहिलं जगाला माहीत आहे, दुसरं किती जणांना आठवेल? पण ज्या घरात रेकॉर्डी मोजक्या, त्या घरात मागची गाणीही तितकीच वाजायची. तुमच्या बाबांचं म्हणणं खोटं नाही, फोनवर सगळं मिळतं. मात्र फोनवर ते पहिलं गाणं संपल्यावर मागचं गाणं लागत नाही, दुसरंच काहीतरी लागतं. आईने यादी सांगताना पुढच्या बाजूची नावं सांगितली, कारण गाजलेली तीच. तिला आवडायची ती कदाचित यादीत नसतीलच.

बाबांबद्दल एवढंच म्हणेन, की या कामात त्यांना सोबत घ्या. लग्न होऊन आई घरी आली तेव्हा रेकॉर्डी माहेरीच राहिल्या होत्या. त्यांनी त्या कधी ऐकल्या होत्या का? लग्न ठरल्यावर चाळीत गेले असतील तेव्हा काय वाजत होतं? त्यांना विचारलंत तर 'पैसे कशाला घातलेस'च्या मागेही काहीतरी सापडू शकतं.

आता थोडं वेगळं. तुम्ही जे केलंत त्याला संग्रह म्हणता येईल का, याबद्दल मला शंका आहे. वाईट वाटून घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. संग्रह करणं म्हणजे निवडणं. हे हवं, ते नको, याच्यासाठी थांबीन, त्याच्यावर पैसे घालणार नाही. तुमच्या सोळा रेकॉर्डींपैकी एकही आईने निवडलेली नाही. पूर्वी मामाने निवडल्या, आता तुम्ही. तिला एकदा दुकानात घेऊन जा. काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवून जा. मुंबईला जाणं होत असेल तर चोर बाजारात मटण स्ट्रीटवर अजून रेकॉर्डींचे ढीग असतात. नाहीतर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतोच. गर्दी आणि ऊन तिला झेपेल अशी वेळ निवडा. तिच्या हातात गठ्ठा द्या आणि तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. ज्यांनी लहानपणी रेकॉर्डी हाताळल्यात, ती माणसं अंगठा कडेवर आणि बोटं लेबलवर ठेवून गठ्ठा चाळतात, चकचकीत भागाला बोट लागू देत नाहीत. तिच्या वाढदिवसाच्या टेबलावर तिने रेकॉर्ड कशी धरली होती, आठवतं का?

कदाचित ती तुमच्या यादीबाहेरचंच काहीतरी उचलेल. मला एक अंदाज करावासा वाटतो. मामा बोटीवर, घर गिरगावात. तिथून धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे गोव्याच्या गावागावांचे कुड, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांची सामायिक निवासस्थानं, होती, बोटीची वाट पाहणारे गोयंकार खलाशी तिथे राहायचे. मामाचे सोबती त्यांच्यातले असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळात गोवेकर संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना चर्चगेटजवळच्या हॉटेलांतून जॅझ आणि पॉप गात-वाजवत होते, आणि त्यांची कोकणी गाणी एचएमव्हीने छोट्या रेकॉर्डींवर काढली. गिरगावातल्या मराठी घरांतही ती पोचली असतील, शब्द पूर्ण कळत नसले तरी. लॉर्नाचा आवाज एकदा आईला ऐकवून बघा. ओळखला तर ती रेकॉर्ड इथेच मिळेल, आणि तिचं भोक छोटं असलं तरी चालेल.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता नेमकं देते. चोवीस नव्हे, एक रेकॉर्ड शोधा. आईच्या यादीतली, मोठ्या भोकाची, जपानी किंवा अमेरिकन, जसं तिच्या उत्तरांवरून ठरेल तशी. डिस्कॉग्ज या साइटवर प्रत्येक रेकॉर्डीखाली कोणत्या देशात निघाली आणि कधी, हे लिहिलेलं असतं. देश पाहूनच घ्या. विकणाऱ्याकडून मधल्या भागाचा आणि कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, कारण ऑनलाइन दिसणारा फोटो पुष्कळदा त्याच प्रतीचा नसतो. जपानी रेकॉर्डी बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत मिळतात. टपालखर्च मात्र रेकॉर्डीपेक्षा जास्त होऊ शकतो, वर कस्टम्स, ते आधी विचारून घ्या. इथल्या विक्रेत्यांनाही सांगून ठेवा. मुंबई हे खलाशांचं शहर, त्यामुळे मामासारख्यांनी आणलेल्या रेकॉर्डी अजून इथल्या ढिगांत निघतात. कव्हरवर कुणाचं तरी नाव, तारीख किंवा परदेशी दुकानाचा शिक्का असेल तर तो डाग समजून टाळू नका. अशी प्रत मिळाली तर मी तरी कोरी सोडून तीच घेईन.

सोबत दोन्ही प्रकारच्या चकत्या घ्या. स्वस्त असतात. आईला एवढंच सांगा की मला ही बसवता येत नाही, दाखव. खोटं बोलावं लागणार नाही, पहिल्यांदा कुणालाच येत नाही. वाढदिवस नको, केक नको, कागदात गुंडाळणं नको, आणि व्हिडिओ तर मुळीच नको. घरात तुम्ही दोघीच असाल अशी दुपार बघा.

ती बोलली तर मामाबद्दल ऐका. नाही बोलली तर गाणं ऐका, मागची बाजूही लावा, आणि विषय वाढवू नका. खोली विकली तेव्हा मामा होता का, हा प्रश्न तर पहिल्या बैठकीत काढूच नका. तो तिने काढायचा आहे.

आधीच्या सोळा विकायची घाई नको. त्यांतल्या काही ती पुढे स्वतः लावेल असं मला वाटतं. तोवर त्या उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नकोत, वाकतात. पावसाळ्यात कागदी कव्हरांना बुरशी धरते, म्हणून भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. धुवायच्या असतील तर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, रेषांच्या दिशेने गोल फिरवत, लेबल कोरडं ठेवून. चुकून एखादी लाखेची जुनी ७८ हाती लागली तर तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आणि ती या प्लेअरवर वाजवूही नका, तिला वेगळी, जाड सुई लागते. प्लेअर सुटकेसच्या आकाराचा स्वस्तातला असेल तर त्याची सुई रेकॉर्डीवर जरा जास्तच भार टाकते. अधूनमधून ऐकायला हरकत नाही, रोज वाजवायची वेळ आली तर बरा प्लेअर बघा.

मामाची सीडीसी सापडली आणि त्या कोणत्या बंदरातून आल्या होत्या हे कळलं, तर मला जरूर कळवा. मला ते मनापासून जाणून घ्यायचं आहे.